पोथी एक, वाचणारे चार

सोलापूर,
शुक्रवार, १० डिसेंबर १९७६

चिरंजीव संगप्पा यास,

तिप्पण्णाकाकाचे आणि नीलम्माकाकूचे भरघोस आशीर्वाद. (काकूचे वेगळे लिहायला हवे होते, पण ती म्हणते एकाच ओळीत उरका, शाई संपत आली आहे.) इकडे सर्व ठीक. तिकडचं विचारायचं, तर तू दर पत्रात ‘मी मजेत आहे’ एवढं लिहून मोकळा होतोस आणि मग अडीच पानं त्या कॉम्प्युटर मशीनची प्रकृती कळवतोस. गेल्या महिन्यात मशीन तापलं होतं, म्हणून त्याच्या खोलीत गार हवेची यंत्रं बसवली, हे कळलं. त्या गार खोलीत दिवसभर बसणाऱ्या तुझ्याजवळ स्वेटर आहे की नाही, ते मात्र कळलं नाही. आत्यानं पत्र वाचून घेतल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला. तेव्हा पुढच्या पत्रात स्वेटरचं आधी लिही आणि मशीनचं मागून.

तुझं ते पत्र मंगळवारी, म्हणजे तीस तारखेला, मिळालं. ते दोन दिवस उशिरा आलं असतं तर बरं झालं असतं असं गेला आठवडाभर माझं मत होतं. आता ते बदललं आहे, पण ते कसं बदललं हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल. तुझ्या साहेबांना सवड असली तर त्यांनाही वाचून दाखव, कारण यात त्यांच्या कामाचंही काही आहे.

तुला माहीत आहेच, मार्गशीर्षाच्या पहिल्या सोमवारी आपल्या घरी पोथी लागते आणि संक्रांतीच्या यात्रेआधी समाप्ती होते. आजोबांच्या हातची, सुट्या पानांची, दोन फळ्यांमध्ये ठेवून तांबड्या बासनात बांधलेली. आजवर आत्याच ती वाचत आली. आम्ही आपले समाप्तीच्या दिवशी हात जोडायला आणि शिरा खायला. यंदा मात्र पोथी उघडली आणि तुझी आत्या, म्हणजे माझी अक्का, बराच वेळ पहिल्या पानावर नुसतं बोट फिरवत बसली. मग मला, धाकट्या भावाला, म्हणाली, “तम्मा, अक्षरं पळायलीत. तूच वाच.” तिचे डोळे अधू झालेत हे दिसत होतं. भाकरी थापताना तवा चाचपून बघायची, दारात आलेल्याला आवाजावरून ओळखायची. पण ती बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. (तुला आम्ही कळवलं नाही, कारण तिनं बजावलं होतं. आता मी कळवतो आहे, कारण सध्या तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे आणि मी काय लिहितो ते तिला दिसत नाही.)

डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा पुरता पिकलेला. आणखी वर्षभर थांबलात तर तो डोळा हातचा जाईल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आणि लगेच हेही सांगितलं की चार डिसेंबरला, शनिवारी, शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये नेत्रशिबिर बसतं आहे, बाहेरचे नामांकित सर्जन येणार आहेत, नाव आजच लिहा. मी नाव लिहून घरी आलो आणि मोठ्या उत्साहानं अक्काला सांगितलं. ती म्हणाली, न्हाय. का नाही, तर पोथी लागली आहे. पोथी ज्याच्या नावानं लागते त्यानं समाप्तीपर्यंत परक्या छपराखाली निजायचं नाही, हा आजोबांचा नियम, आणि शिबिरात तर दहा दिवस निजायचं. मी म्हटलं, मग समाप्ती लवकर करू. ती म्हणाली, कर की.

आता ‘कर की’ म्हणणं सोपं आहे. पोथीची पानं एकशे अठ्ठावीस. मी गिरणीतून आल्यावर चष्मा पुसून रोज दोन वाचत होतो, कारण आजोबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची जत्रा आहे. तीस तारखेला मी अठराव्या पानावर होतो. मी गिरणीत सव्वीस वर्षं टाइमकीपर आहे, हिशेब मला कुणी शिकवायला नको. त्या गतीनं समाप्ती जानेवारीच्या अखेरीस होत होती आणि शिबिर चार दिवसांवर आलं होतं. जोरात वाचायला गेलो की ओळी चुकत, आणि ओळ चुकली की अक्का मान न हलवता ती दुरुस्त करी, की पुन्हा मागे. आदल्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं. खरं सांगतो संगप्पा, मला त्या उजव्या डोळ्याची भीती वाटत होती. तुझी आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास आणि ह्याच डोळ्यांनी अक्कानं तुझ्यावर जन्मभर पाळत ठेवली.

अशा वेळी तुझं पत्र आलं. त्यात तू लिहिलं होतंस की मशीनमध्ये मजकुराचा एकच गठ्ठा असतो, त्याला तुम्ही फाइल म्हणता, आणि तुमचे चार प्रोग्रॅम तो एकाच वेळी वाचतात, त्यामुळे चार तासांचं काम एका तासात होतं. हे कसं करायचं याच्या दोन रीतीही तू लिहिल्या होत्यास. एक, सगळ्यांत मिळून वाचनखूण एकच. जो मोकळा होईल त्यानं खुणेपासून पुढचा मजकूर घ्यायचा आणि खूण पुढे सरकवायची. दुसरी, गठ्ठ्याचे चार भाग पाडायचे, प्रत्येकाचा भाग वेगळा आणि प्रत्येकाची खूण वेगळी. शेवटी एक तळटीप होती की वाचणारे कितीही असले तरी चालतात, पण मधेच एखादा लिहिणारा घुसला की घोटाळा होतो. मला हे वाचून जो आनंद झाला तो तुझी पहिली नेमणूक झाली तेव्हाही झाला नव्हता. माझ्या हातात घरच्या घरी मुंबईची विद्या आली होती. मी गिरणीत दोन दिवसांची रजा टाकली.

चार वाचणारे जमवले. एक मी. दुसरी तुझी काकू. तिसरा आपल्या गल्लीच्या टोकाचा किराणावाला चन्नप्पा, तो फार भराभर वाचतो म्हणून. चौथा शेजारच्या खोलीतला जोतीराम. हा माळशिरसकडचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असतो, रोज सायकलनं जातो, आणि दिवसभर मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यामुळे ‘चहा घेता का’ हेसुद्धा साऱ्या गल्लीला विचारतो. तो सातवीपर्यंत शिकलेला, माणूस सोन्यासारखा. मी त्याला सगळी रीत समजावली. तो म्हणाला, “म्हंजी चार मागावर एकच चादर लावायची म्हना की.” मी त्याला म्हटलं, तसंच काहीसं. आता वाटतं, तिथंच थोडं थांबून विचार करायला हवा होता.

गुरुवारी सकाळी आठाला बाहेरच्या खोलीत चार कोपऱ्यांत चौघं बसलो. मधोमध घोंगडीवर अक्का, तिच्यापुढे पाटावर पोथीचा गठ्ठा. समाप्तीसाठी पहिल्या पानापासून नव्यानं वाचायचं ठरलं. आधी तुझी पहिली रीत लावली, खूण एकच, जो मोकळा होईल त्यानं वरचं पान उचलायचं. अर्ध्या तासात चन्नप्पाची चौदा पानं झाली, काकूची पाच, माझी चार, आणि जोतीरामची दोन. (चन्नप्पा वाचत नाही, यादी म्हणतो. राजा, राणी, प्रधान, हत्ती, घोडे, पुढे काय.) त्यामुळे असं झालं की चन्नप्पाच्या कोपऱ्यात राजा शिकारीला जाऊन परतला होता, काकूच्या कोपऱ्यात राणी त्याच्या काळजीनं उपाशी होती, आणि जोतीरामच्या कोपऱ्यात राजा अजून अंथरुणातून उठायचा होता, तोही आरोळ्या ठोकत. वर वाचलेली पानं कुणी उजवीकडे ठेवली, कुणी डावीकडे, आणि एकदा तर काकूनं आणि चन्नप्पानं एकदमच एका पानाला हात घातला. कोपरा फाटला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी गठ्ठा पुन्हा आकड्यांप्रमाणे लावला आणि दुसरी रीत जाहीर केली. शेवटच्या पानावर एकशे अठ्ठावीसचा आकडा, भागिले चार, प्रत्येकी बत्तीस. मी एक ते बत्तीस, काकू चौसष्टपर्यंत, जोतीराम शहाण्णवपर्यंत, उरलेली चन्नप्पाला. आकडे बघून गठ्ठे पाडले. (पानं मोजली नाहीत. सव्वीस वर्षं टाइमकीपर असलेल्या माणसानं पानं मोजली नाहीत, हे तू तुझ्या साहेबांना सांगू नकोस.) सुरुवात झोकात झाली. पण आजोबांनी पोथी लिहिली तेव्हा पुढे कुणी तिला चारनं भागेल हे त्यांच्या मनात नसणार. जोतीरामचं पहिलंच पान, पासष्टावं, अर्ध्या ओळीपासून सुरू होत होतं, आणि ती अर्धी ओळ होती ‘तेथेचि त्याने सोडिला प्राण’. जोतीरामनं ती दणक्यात वाचली आणि पान खाली ठेवलं. म्हणाला, “कोन मेलं ते कळल्याबिगर म्या फुडं न्हाय वाचनार. बरं न्हाय दिसत ते.” कोण मेलं ते चौसष्टाव्या पानावर, आणि ते काकूच्या गठ्ठ्यात तळाशी. काकू तेव्हा पस्तिसाव्यावर. ती म्हणाली, माणूस अजून जन्मला नाही, त्याचं मरण आधीच कसं सांगू, पाप लागेल. जोतीराम हात बांधून बसून राहिला आणि काकू आपल्या चालीनं वाचत राहिली. अखेर मीच तिच्या गठ्ठ्यात हळूच डोकावलो आणि जोतीरामला खुणावलं की माणूस नव्हे, घोडा मेला. त्याचा चेहरा इतका पडला की मला वाटलं माणूस सांगितला असता तर बरं झालं असतं.

तरी गाडी पुढे निघाली आणि मग जो वेग धरला, काय सांगू. माझी बत्तीस आणि तेहतीस ही पानं तेलानं एकमेकांना चिकटून माझ्याकडे आली होती, ती मी ओघात वाचून टाकली आणि तेहतिसावं काकूला परत दिलं. कुणाचा आवाज बसला, कुणाचा पाय बधिर झाला, पण बाराच्या आत चौघांची पानं संपली. संगप्पा, दीड महिन्याची पोथी चार तासांत. मी उभा राहून घड्याळ बघितलं आणि तुला मनोमन शाबासकी दिली. काकूनं शिऱ्याची परात आणली. आम्ही अक्काला म्हटलं, झाली समाप्ती, आता हात जोड आणि शनिवारी शिबिराला चल.

अक्कानं हात जोडले. मग म्हणाली, “तम्मा, तेहतीस दोनदा झालं. एकसष्ट कुनीच न्हाय वाचलं. आन चन्नप्पा पोथीवर पेन्सिल वडायलाय, त्येला आदी थांबव.”

मी चन्नप्पाची पानं उचलून बघितली. चन्नप्पानं दुकानातल्या सवयीनं वाचलेल्या प्रत्येक ओळीपुढे निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती, बत्तीसच्या बत्तीस पानांवर. (हा तुझ्या तळटिपेतला लिहिणारा. घोटाळा होतो म्हणजे काय होतो ते मला तेव्हा समजलं.) एवढ्या गोंगाटात, जोतीरामच्या आवाजाखाली, तिनं चारही कोपरे वेगवेगळे ऐकले होते, पेन्सिलीची खरखरसुद्धा. तुमच्या मशीनमध्ये चार जण एका वेळी वाचतात याचं तुला कौतुक आहे. आपल्याकडे चौघांचं एका वेळी ऐकणारी बाई आहे आणि तिला गार हवाही लागत नाही.

काकूचा गठ्ठा तपासला. साठ होतं, बासष्ट होतं, मध्ये काही नाही. मग जो शोध सुरू झाला त्यात गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ज्वारीची पोती हलवली, देव्हाऱ्यामागे दिवा धरून बघितलं, काकूनं सगळ्या घराला दोनदा झाडू मारला. जोतीरामनं उंदरावर संशय घेतला आणि पंधरा वर्षांत आपल्या भिंतीत नव्हती ती तीन बिळं शोधून काढली. अक्का घोंगडीवर शांत बसून होती. एकसष्टावं पान वाचल्याशिवाय समाप्ती नाही, एवढंच म्हणत होती. मी तिला विचारलं, अक्का, शेवटचं कधी पाहिलंस ते पान. ती म्हणाली, “आता मला कुटं काय दिसायलंय.” या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती.

शनिवारी दुपारी चारपर्यंतच शिबिरात नाव दाखल करून घेणार होते. तीन वाजले तरी अक्का हलेना. मी रागावलो, मोठ्यानं बोललो, आणि बोलता बोलता मला रडू आलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, चन्नप्पा आणि जोतीराम समोर उभे, आणि मी उंबऱ्यावर बसून रडलो. मी म्हटलं, तुझा डोळा गेला तर मी काय आजोबांचा नियम चाटू. हे मी तसं बोलायला नको होतं. पण अक्का उठली, चाचपत माझ्यापर्यंत आली आणि पदरानं माझं तोंड पुसलं, मी पाच वर्षांचा असताना पुसायची तसंच, जरा जोरात. मग म्हणाली, “उठ तम्मा. नेम काय हाय, तर परक्या छपराखाली न्हाय निजायचं. पोथी जितं असती ते छप्पर परकं कसं. बासन बांद.” इतकं सोपं होतं ते. मी तीन दिवस भागाकार करत बसलो होतो.

अक्काला टांग्यात बसवलं, पोथी तिच्या मांडीवर, मागून जोतीराम सायकलवर. चाराला सात मिनिटं असताना पोहोचलो. रविवारी सकाळी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दोन्ही डोळ्यांवर पट्टी, उताणं निजायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. हॉलमध्ये असे चाळीस जण ओळीनं आहेत आणि कुणाला करण्यासारखं काहीही नाही. रविवारीच संध्याकाळी मी अक्काच्या कानाशी बसून हळू आवाजात पहिलं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या पानाला शेजारच्या खाटेवरची माळशिरसची बजाबाई म्हणाली, “जरा मोट्यानं वाचा की, आमाला काय कान न्हाईत व्हय.” चौथ्या पानाला पलीकडच्या ओळीतून मागणी आली. तेव्हा मी दुसऱ्या दिवसापासून जोतीरामला बसवलं. तो वाचू लागला आणि चाळीसच्या चाळीस खाटा गप्प. जो आवाज गल्लीला नकोसा, तो त्या हॉलच्या मापाचा निघाला.

आता इथं तुझ्या साहेबांनी लक्ष द्यावं. सगळ्यांची ऑपरेशनं एका दिवशी झाली नाहीत, त्यामुळे कुणी पहिल्या पानाला आलं, कुणी विसाव्याला. कोंडीबा नावाचे एक आजोबा तिसापासून चौतिसापर्यंत झोपले आणि उठल्यावर तेवढी पाच पानं परत मागू लागले. म्हणजे पोथी एक, वाचणारा एक, आणि ऐकणारे चाळीस, प्रत्येकाची वाचनखूण वेगळी. मी कागदावर चाळीस नावं आणि चाळीस आकडे लिहून काढले (टाइमकीपर) आणि प्रत्येकाला वेगळं वाचून दाखवायचं तर किती दिवस लागतील ते काढलं. उत्तर चांगलं नव्हतं. अक्कानं ऐकलं आणि म्हणाली, ज्यानं ऐकलं त्यानं शेजारच्याला सांगावं, त्यात काय. झालं. आता जोतीराम कामावर गेला की दिवसभर खाटाखाटांवरून कुजबुज चालते. बजाबाई कोंडीबांना पाच पानं सांगते आणि त्यात स्वतःची तीन घालते. आपल्या पोथीत माळशिरसचा ऊस कधी नव्हता, आता आहे.

अडचणी आल्या नाहीत असं नाही. सर्जनसाहेबांनी परवा मला बोलावून घेतलं. मला वाटलं पोथी बंद. ते म्हणाले, वाचा, पण तो आळशी प्रधानाचा अध्याय गाळा, चार जण हसले, टाके आहेत. मी अक्काला विचारलं. अध्याय गाळता येत नाही म्हणाली, पण चन्नप्पाला वाचायला सांग. चन्नप्पानं तो अध्याय यादीसारखा वाचला आणि कुणाच्याही ओठाची हालचाल झाली नाही. दुकान सोडून तो रोज दुपारी येतो. पेन्सिल दारात काढून घेतो आम्ही.

कालच सर्जनसाहेबांनी अक्काची पट्टी थोडी वर करून आत बघितलं आणि म्हणाले, डोळा छान आहे, अगदी निवळ. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाला पट्टी सोडणार. पुढच्या वर्षी डावा.

तर हे सगळं लिहायचं कारण असं की तुझ्या विद्येत दोन दुरुस्त्या सुचवायच्या आहेत. गठ्ठ्याचे भाग पाडताना आकडा बघून पाडू नका, गोष्ट कुठे संपते ते बघून पाडा, नाहीतर एक प्रोग्रॅम हात बांधून बसेल. आणि वाचणारे वाढवण्याआधी ऐकणारा काय करतो ते बघा. बाकी तू कामात आहेस, मशीन सोडून येता येत नाही हे आम्ही जाणतो. काळजीचं कारण नाही. मुद्दाम येण्याची काही गरज नाही. प्रकृतीला जप.

तुझा,
तिप्पण्णाकाका

ता. क. – शिबिरात बाहेरचं खाणं चालतं, तेव्हा काकूनं तुझ्यासाठी केलेली शेंगाचटणी चाळीस जणांत संपली. पुन्हा करते आहे.

ता. क. दोन – वरचं सगळं पत्र मी अक्काला वाचून दाखवलं (रडण्याचा भाग गाळून, पण तो तिनं बजाबाईला आधीच सांगितला होता). ती दोनदा हसली, मी तिला टाक्यांची आठवण दिली. मग तिनं मला जवळ बोलावून जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. एकसष्टावं पान हरवलेलं नाही. तू मुंबईला निघालास, त्याला यंदा सहा वर्षं झाली. त्या सकाळी तिनं ते तुझ्या ट्रंकेत ठेवलं, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. मुलगा परगावी निघतो आणि आई त्याच्या कपाळाला विभूती लावते, ते ते पान. पोथी घरी आणि एक पान तुझ्यापाशी, म्हणजे तूही एकाच छपराखाली, असा तिचा हिशेब. इतकी वर्षं तेवढं पान ती तोंडपाठ म्हणत होती. आम्ही शिरा खायला येणारे, आम्हाला काय कळणार. मी म्हटलं, मग गुरुवारी कुणी वाचलं नाही म्हणून हट्ट का धरलास, तूच म्हणायचंस. ती म्हणाली, “पान न्हाय म्हनल्यावर तुमी संगप्पाला बोलवाल वाटलं. तर तुमी झाडू घेऊन बसलाव.” ऑपरेशनची तिला भीती वाटत होती, संगप्पा. तू जवळ असावास असं वाटत होतं. पण तुझं मशीन बंद पडेल म्हणून ती तसं बोलली नाही.

ता. क. तीन – म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. चन्नप्पाचा मेहुणा आज मुंबईला निघतो आहे, तो उद्या तुझ्या हातात देईल. ट्रंक उघड. पान टपालानं पाठवू नकोस, ते सुटं आहे, घडी पडेल. हातात धरून आण. मुद्दाम येण्याची गरज नाही असं वर लिहिलं आहे ते खोडणार होतो, पण शाई पुरवायची आहे, तेव्हा तूच ते खोडलं आहे असं समज.

ता. क. चार – पोथी साठाव्या पानावर थांबवली आहे. चाळीस माणसं थांबली आहेत. बासष्टापासून पुढे वाचू का म्हणून मी विचारलं, तर कोंडीबाआजोबासुद्धा नाही म्हणाले. पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा काय बघायचं ते अक्कानं ठरवून ठेवलं आहे, मला सांगत नाही. पण मुंबईची गाडी मंगळवारी सकाळी किती वाजता येते, हे तिनं आज तीनदा विचारलं.